गेम मध्येच फ्रीझ होतो, आवाज मात्र चालूच राहतो: ग्राफिक्स ड्रायव्हरचा संशय, मदत हवी

वाळवंटीकाठ | ८ जुलै, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सांखळीचा. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे परत परत विचारायला नको.

माझा थोरला भाऊ तारवटी आहे. वर्षाचे आठ-नऊ महिने बोटीवर. सुट्टीवर घरी आला की रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघं मिळून एक गेम खेळतो, तो त्याच्या लॅपटॉपवर आणि मी माझ्या पीसीवर. शाळेत असताना एकाच कीबोर्डच्या दोन टोकांना बसून खेळायचो, तेव्हापासूनची सवय. यंदा तो चवथ करूनच जाणार आहे, त्यामुळे हाताशी दीड-पावणेदोन महिने आहेत आणि त्यातला बराच वेळ हा पीसी खातोय.

पीसी असेंबल केलेला, तीन वर्षांचा. सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), विंडोज ११ प्रो. कार्ड कुठल्या कंपनीचं आणि गेम कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'कुठली कंपनी चांगली' या वादात जातो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. गेम मोठ्या मोकळ्या नकाशाचा आहे, डायरेक्टएक्स १२ वर (गेम आणि कार्ड यांना जोडणारा विंडोजचा दुवा) चालतो, एवढं पुरे.

होतं असं: कधी वीस मिनिटांनी तर कधी दोन तासांनी चित्र जागच्या जागी थिजतं. गेममधला आवाज चालू राहतो, हेडफोनवर भावाचं बोलणंही ऐकू येतं. चार-पाच सेकंदांत कधी स्क्रीन एकदा काळी होऊन गेम परत सुरू होतो. कधी गेम बंद पडून सरळ डेस्कटॉप समोर येतो आणि ग्राफिक्स डिव्हाइस काढलं गेल्याचा संदेश दिसतो. लढाईतच होतं, गर्दीतच होतं, असं काही नाही. परवा तर नुसता घोड्यावर बसून नदी ओलांडत होतो.

आतापर्यंत केलेलं: ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) नवा टाकला, गेमच्या फाइली तपासल्या, गेम काढून पुन्हा टाकला. कार्डचं तापमान ७१ अंशांच्या वर जात नाही.

सुरुवात जूनच्या मध्यावर झाली. अडचण अशी की त्याच आठवड्यात गेमचा पॅच (दुरुस्त्यांचा अपडेट) आला, विंडोजचा अपडेट आला, मी ड्रायव्हर बदलला आणि पाऊसही लागला. पाऊस लागला की आमच्याकडे फांद्या तारांवर पडतात, लाईट दिवसातून चारदा जाते-येते. चौघांपैकी दोषी कोण, हे कसं ओळखायचं?

---

फर्मागुडी_हॉस्टेल | ९ जुलै, सकाळी ७:१५

दादा, मलाही सेम होत होतं. लेटेस्ट ड्रायव्हर टाका, जाईल.

---

वाळवंटीकाठ | ९ जुलै, सकाळी ८:०२

लेटेस्टच आहे रे. उलट तो टाकल्यावरच त्रास वाढला असं मला वाटतं, पण खात्रीने सांगता येत नाही.

---

अबोली | ९ जुलै, दुपारी २:४०

मी म्हापशात बारा वर्षं पीसी दुरुस्तीचं काम करते. 'गेम हँग होतो' म्हणून माझ्याकडे जी मशीनं येतात, त्यांतली निम्मी तरी ड्रायव्हरच्या दोषाची नसतात, आणि दोष ड्रायव्हरचाच असेल तरी 'नवा टाका' हे उत्तर दर वेळी लागू पडतंच असं नाही. तुम्ही चार गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्याचं प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून आपल्याला नीट शोधता येईल.

आधी एक ओळखून घ्या. फ्रीझ म्हणजे एकच आजार नव्हे. चित्र थांबलं की लगेच कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन आतून जिवंत आहे, फक्त चित्र देणारी बाजू अडकली आहे. दिवा हलतच नसेल आणि आवाजही 'घर्रर्र' करत एकाच जागी घुमत राहिला असेल, तर अख्खं मशीनच अडकलंय. मग रॅम, एसएमपीएस, मदरबोर्ड यांच्याकडे आधी बघायचं.

दुसरं: चित्र थांबलेलं असताना विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने उठवते. एक बीप येतो, स्क्रीन लुकलुकते. त्याने चित्र परत आलं तर संशय बराच पक्का होतो.

तिसरं: स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडेल. तिथे दिवसागणिक काय बिघडलं आणि काय नवं बसलं ते दिसतं. तुम्हाला फ्रीझ आठवतो त्या वेळेला काय नोंद आहे ते इथे लिहा. विंडोजच्या आतल्या नोंदी दाखवणाऱ्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'सिस्टम'खाली 'डिस्प्ले' या नावाची ४१०१ क्रमांकाची नोंद आहे का तेही बघा. आणि शोधताना 'व्हीआ लॉगर' (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) हे नाव दिसलं तर ते आवर्जून सांगा.

आता सेटिंग काहीही बदलू नका. आधी दोन-तीन फ्रीझ नीट बघून घ्या.

---

बायणा_किनारा | ९ जुलै, संध्याकाळी ६:३३

वास्कोला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या पीसीला अगदी हीच लक्षणं होती. तीन ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकली, दोन महिने गेले.

शेवटी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ लॉगरची १७ क्रमांकाची नोंद सापडली, एकेका संध्याकाळी शेकड्यांनी. तिचा अर्थ असा की कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेवर चुका होताहेत आणि त्या जागीच दुरुस्त केल्या जाताहेत. दुरुस्त होतात म्हणून मशीन चालत राहतं. एखाद्या वेळी नाही जमत, तेव्हा फ्रीझ.

कार्ड काढलं तर खालच्या सोनेरी दातांवर मळकट, चिकट थर. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा दोन्ही मिळून हे करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, कार्ड पुन्हा घट्ट बसवलं. त्यानंतर ती नोंद आली नाही आणि फ्रीझही नाही. तुम्ही सांखळीला, समुद्रापासून लांब, पण एकदा बघून घ्या.

---

पेडण्याचा_पुण्यात | ९ जुलै, रात्री ९:१०

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) टीडीआर डिले नावाची एक किंमत असते, ती वाढवून १० करा. मी केलं होतं, फरक पडला.

---

अबोली | ९ जुलै, रात्री १०:२५

हा उपाय सगळीकडे सांगितला जातो, म्हणून जरा थांबून लिहिते.

ग्राफिक्स कार्डला काम दिलं की ते ठराविक वेळात पूर्ण व्हावं किंवा निदान बाजूला ठेवता यावं, अशी विंडोजची अपेक्षा असते. २ सेकंद वाट बघून कार्डाकडून काहीच उत्तर आलं नाही, तर कार्ड अडकलंय असं समजून विंडोज ड्रायव्हर आणि कार्ड दोन्ही रीसेट करते. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून ही व्यवस्था आहे. तिचं नाव टीडीआर. त्याआधी असं काही अडकलं की अख्खं मशीन बंद करण्यावाचून गत्यंतर नसायचं. वाळवंटीकाठ यांना दिसणारी ती क्षणभराची काळी स्क्रीन म्हणजे बहुधा हाच रीसेट. एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा असं झालं तर मात्र विंडोज प्रयत्न सोडते आणि निळी स्क्रीन येते.

२ सेकंद ऐकायला कमी वाटतात. पण ६० फ्रेमच्या गतीने खेळताना एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे दोन सेकंदांत १२० फ्रेम निघून गेल्या आणि कार्ड एकाच कामावर अडून बसलंय. गेममध्ये एवढं लांबलचक एकच काम असायला नको. थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याचं एकेक काम खरोखरच लांब असतं, त्याने ही मुदत वाढवणं योग्य. गेम खेळणाऱ्याने वाढवली तर दोन सेकंदांच्या फ्रीझचा दहा सेकंदांचा फ्रीझ होतो. आग लागलीय आणि आपण घंटा काढून ठेवतोय.

तुमचं कार्ड मधूनच दोन-तीन सेकंद अडून स्वतःच सुटत असेल, तर तुम्हाला फरक पडला हे मी मान्य करते. पण ते का अडत होतं हे तसंच राहिलं ना?

---

पेडण्याचा_पुण्यात | ९ जुलै, रात्री १०:५१

पटलं ताई. मी व्हिडिओ रेंडर करतो, गेम क्वचितच. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

---

वाळवंटीकाठ | १३ जुलै, रात्री १२:२०

चार रात्री खेळलो, पाच वेळा फ्रीझ झाला. शेजारी वही ठेवून दर वेळी लिहून काढलं.

कॅप्स लॉकचा दिवा पाचही वेळा व्यवस्थित लागला-विझला. चार बटणं तीनदा दाबून बघितली. दोनदा बीप येऊन चित्र परत आलं, एकदा गेम बंद पडला. ४१०१ची नोंद पाचांपैकी तीन वेळा आहे: डिस्प्ले ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि तो परत सावरला, अशा अर्थाची. रिलायबिलिटी हिस्टरीत 'हार्डवेअर एरर' म्हणून लाल खुणा आहेत, आत लाइव्ह कर्नल इव्हेंट आणि कोड १४१. व्हीआ लॉगर कुठेही नाही. तरी बायणाभाऊंचं ऐकून कार्ड काढून बघितलं. दात स्वच्छ आहेत, पुसून परत बसवलं.

'हार्डवेअर एरर' वाचून पोटात गोळा आला. कार्ड गेलं का? वॉरंटी जूनमध्येच संपलीय.

लाईटचंही बघितलं. शेजाऱ्यांचा यूपीएस आणून दोन रात्री त्यावर चालवला. त्यातल्या एका रात्री दिवे एकदाही लुकलुकले नाहीत, तरी फ्रीझ झालाच. म्हणजे लाईटचा यात हात नाही असं मी धरून चाललोय.

---

अबोली | १३ जुलै, सकाळी ९:३०

वहीचं फार बरं केलंत. घाबरू नका. १४१ म्हणजे ग्राफिक्स कार्डातला एखादा भाग दिलेल्या वेळात उत्तर देऊ शकला नाही, एवढंच. विंडोज त्यावर 'हार्डवेअर एरर'चा शिक्का मारते, पण कार्ड मेलंय असा त्याचा अर्थ नाही. ड्रायव्हरने चुकीचं काम पाठवलं तरी हाच कोड येतो, कार्डला पुरेशी वीज मिळाली नाही तरी हाच, आणि कार्ड खरंच खराब असलं तरीही हाच. काय घडलं ते कोड सांगतो, कोणामुळे घडलं ते आपणच शोधायचं.

आता एकच गोष्ट बदलायची: ड्रायव्हर. जूनच्या आधी जो चालत होता तोच परत टाका. पण नव्यावर जुना नुसता चढवू नका, आधीचा मुळापासून काढा. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं मोफत साधन आहे, सगळे डीडीयू म्हणतात.

कार्डाच्या कंपनीच्या साइटवर जुन्या आवृत्त्या मिळतात. मे महिन्यातली उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. मग इंटरनेट तोडा, केबल काढा नाहीतर वायफाय बंद करा. हे चुकवू नका, कारण ड्रायव्हर काढला रे काढला की विंडोज स्वतःच्या साठ्यातला दुसरा आणून बसवते आणि कळतसुद्धा नाही. नंतर सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्याच गोष्टींवर सुरू होते तो प्रकार) जाऊन डीडीयू चालवा, रीस्टार्ट करा, जुना ड्रायव्हर बसवा आणि मगच इंटरनेट जोडा. सेफ मोडला जायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की मोबाइलमध्ये किंवा कागदावर उतरवून ठेवा. सेफ मोडच्या वाटेवर ती मागितली जाऊ शकते. ती की नसल्याने गिऱ्हाईक रडकुंडीला आलेलं मी बघितलंय.

अजून एक. झाल्यावर 'शट डाउन' करून सकाळी चालू केलं की मशीन ताजं होतं असं समजू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. त्यात शट डाउन करताना ड्रायव्हरसकट आतली स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. ड्रायव्हर खरोखर नव्याने सुरू होतात ते 'रीस्टार्ट' केल्यावर.

गेमची सेटिंग्ज, विंडोज, बायोस, कशालाही हात लावू नका. आणि पहिल्या दिवशी गेम अडखळला तर लगेच निराश होऊ नका. ड्रायव्हर बदलला की शेडर कॅशे (चित्र रंगवायच्या तयार सूचनांचा साठा) नव्याने बनतो, त्यामुळे नव्या जागी गेल्यावर सुरुवातीला झटके बसतात. तो फ्रीझ नव्हे, एक-दोन दिवसांत निवळतं.

---

फर्मागुडी_हॉस्टेल | १३ जुलै, दुपारी १:०५

अरे देवा, हे शेडरचं मला माहीतच नव्हतं. दर वेळी ड्रायव्हर टाकला की पहिल्या तासाला झटके बसायचे आणि मी लगेच दुसरा ड्रायव्हर टाकायचो. मग परत झटके.

---

वाळवंटीकाठ | २५ जुलै, रात्री ११:१५

मंडळी, आज बारा दिवस झाले, एकही फ्रीझ नाही. मे महिन्यातला ड्रायव्हर, डीडीयूने स्वच्छ करून, अबोलीताईंनी सांगितलं तसंच. काल सलग चार तास खेळलो. भाऊ म्हणाला, बोटीवर इंजिन रूममध्ये बिघाड झाला तर असाच धरतात, एकेक व्हॉल्व्ह बंद करून बघत. देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचें.

---

माटोळी | २६ जुलै, सकाळी १०:४४

माझा प्रश्न याच धाग्यावर विचारते. माझे दोन मॉनिटर आहेत, एक १४४ हर्ट्झ आणि दुसरा जुना ६० हर्ट्झ. जुन्यावर ब्राउझरमध्ये भजनाचा व्हिडिओ चालू ठेवून पहिल्यावर गेम खेळले की अर्ध्या सेकंदाचे गोते बसतात, मधूनच स्क्रीन काळी होते. व्हिडिओ बंद केला की काहीच नाही. ४१०१ वगैरे नोंदी नाहीत. हेही ड्रायव्हरचंच?

---

अबोली | २६ जुलै, दुपारी ३:२०

ड्रायव्हर आणि विंडोज यांच्या सीमेवरचं दिसतंय. खिडक्यांचे थर एकत्र करून स्क्रीनवर दाखवायचं काम विंडोज कधी स्वतः करते, कधी थेट कार्डाकडे सोपवते. त्या सोयीला मल्टीप्लेन ओव्हरले म्हणतात. दोन मॉनिटरांची गती वेगळी आणि एकावर व्हिडिओ, अशा मांडणीत तिचा घोळ होताना मी बघितलाय.

रजिस्ट्रीत न शिरता आधी साधं करून बघा: ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन (चित्राचं काम कार्डाकडून करून घेणं) बंद करा, ब्राउझर पुन्हा उघडा आणि तोच व्हिडिओ लावा. गोते थांबले तर चोर सापडला. मग दोन्ही मॉनिटर एकाच गतीवर ठेवूनही बघा, पण दोन्ही एकदम नको.

---

माटोळी | २७ जुलै, रात्री ८:०९

थांबले! ब्राउझरचं ते एक सेटिंग बंद केलं, बाकी कशाला हात लावला नाही. मनापासून आभार.

---

वाळवंटीकाठ | ६ ऑगस्ट, रात्री १:३०

परत सुरू झालं. आज दोनदा. तीच लक्षणं, तोच १४१.

खरं सांगतो, फार वाईट वाटलं. भाऊ काही बोलला नाही, हेडफोन काढून झोपायला गेला. चवथीला तीन आठवडे राहिलेत. आता कार्डच खराब आहे असं समजू का? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचंच आहे, दुकानात नव्याची किंमत विचारून येतो.

---

अबोली | ६ ऑगस्ट, सकाळी ८:१०

नवं कार्ड घेऊ नका. जे कार्ड चोवीस दिवस एकदाही अडलं नाही ते एका रात्रीत का बिघडेल? आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले ॲडॅप्टर, तुमचं कार्ड, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथली तारीख आणि आवृत्ती वहीतल्या नोंदीशी ताडून बघा.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे एनव्हिडियाचं कार्ड असेल त्यांच्यासाठी: तिथे दिसणारा लांबलचक क्रमांक कंपनीच्या साइटवरच्या क्रमांकासारखा दिसत नाही, पण त्यातच दडलेला असतो. शेवटचे पाच अंक घ्या आणि तिसऱ्यानंतर टिंब द्या. ३१.०.१५.३६२३ म्हणजे ५३६.२३.

---

वाळवंटीकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी ८:४७

तारीख जूनची आहे! मी मे महिन्यातला टाकला होता, वहीत आवृत्तीसकट लिहिलेलं आहे.

रिलायबिलिटी हिस्टरीत ५ ऑगस्टला दुपारी निळ्या खुणेवर लिहिलंय: ड्रायव्हर यशस्वीरीत्या बसवला. त्या वेळी मी कामावर होतो. पीसी नुसता चालू होता, भावाने त्यावर जेवताना बातम्या लावल्या होत्या. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटची हिस्टरी उघडली तर 'ड्रायव्हर अपडेट्स'खाली तोच.

म्हणजे कार्ड नाही, गेम नाही, लाईट नाही. ज्या ड्रायव्हरने त्रास दिला तोच परत येऊन बसला होता.

---

बायणा_किनारा | ६ ऑगस्ट, सकाळी ९:२०

वही नसती तर आज तुम्ही नव्या कार्डाचे पैसे भरून आला असता.

---

अबोली | ६ ऑगस्ट, दुपारी १:५५

आता पुन्हा तेच करा, डीडीयू, मे महिन्यातला ड्रायव्हर. मात्र इंटरनेट जोडायच्या आधी दार लावून घ्या. तुमच्याकडे प्रो आहे, म्हणून ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे आतले नियम बदलायचं साधन) उघडता येईल. त्यात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट, मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट असं जा. तिथे 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' हे चालू करा. सुरक्षेचे अपडेट येत राहतील, फक्त ड्रायव्हर येणार नाहीत. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नसते, तिथे हेच काम रजिस्ट्रीतून करावं लागतं. ज्यांना करायचंय त्यांनी आधी रीस्टोर पॉइंट (बिघडलं तर मागे परतायची सोय) बनवा.

सगळेच अपडेट बंद करून टाकायचा मोह होईल. तसं करू नका. इंटरनेटवर असलेलं मशीन सुरक्षेच्या अपडेटशिवाय ठेवणं म्हणजे रात्री दार उघडं टाकून झोपणं.

---

फर्मागुडी_हॉस्टेल | ८ ऑगस्ट, रात्री १०:३०

दादांचं वाचून मी माझा लॅपटॉप नीट तपासला. त्यात दोन ग्राफिक्स आहेत, प्रोसेसरमधलं एक आणि वेगळं कार्ड एक. मी गेले वर्षभर फक्त मोठ्या कार्डाचाच ड्रायव्हर बदलत होतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉप घेतला तेव्हाचाच, तीन वर्षांपूर्वीचा. माझ्या लॅपटॉपमध्ये कार्ड चित्र बनवतं, पण स्क्रीनपर्यंत ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधूनच जातं. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर त्याचा नवा ड्रायव्हर होता, तो टाकला. दोन दिवस झाले, अजून काही नाही. एक आठवडा बघून मगच खात्रीने सांगतो. आता माझीही वही आहे.

---

पेडण्याचा_पुण्यात | ९ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मूळ प्रश्न राहिलाच की. मे महिन्यातला ड्रायव्हर चालतो आणि जूनमधला नाही, तर दोष नक्की ड्रायव्हरचा की गेमच्या पॅचचा? पॅचही त्याच आठवड्यात आला होता ना?

---

अबोली | ९ ऑगस्ट, दुपारी १२:१५

चांगला प्रश्न. पॅच तर आजही तोच आहे, आणि मे महिन्यातल्या ड्रायव्हरवर गेम चालतोय. म्हणजे एकटा पॅच दोषी नाही. पण जूनमधला ड्रायव्हर दुसऱ्या गेमना त्रास देत नसेल, तर एकटा ड्रायव्हरही दोषी नाही, दोघांची गाठ पडल्यावर बिघडतं. डायरेक्टएक्स ११ मध्ये बरीचशी सांभाळासांभाळ ड्रायव्हर करायचा. डायरेक्टएक्स १२ मध्ये मेमरी कधी वापरायची, कुठलं काम कुठल्यानंतर करायचं, हे बरंचसं गेम लिहिणाऱ्यावर सोपवलंय. त्याने गती मिळते, पण गेमने एका जागी वाट बघायला सांगायचं विसरलं तरी एका ड्रायव्हरवर ते खपून जातं आणि दुसऱ्यावर कार्ड अडून बसतं. बाहेरून आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं.

वाळवंटीकाठ, गेमच्या सेटिंगमध्ये डायरेक्टएक्स ११ चा पर्याय असता तर एक रात्र त्यावर खेळून बघितलं असतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो नसावा.

---

वाळवंटीकाठ | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०५

नाही, फक्त १२ आहे. जूनमधल्या ड्रायव्हरवर दुसरे दोन गेम मात्र बिनतक्रार चालत होते, वहीत आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तशी गाठच असणार.

या त्रासाची माहिती कार्डाच्या कंपनीला आणि गेमवाल्यांना दोघांनाही पाठवली. दोन्ही आवृत्त्या, ४१०१ च्या वेळा, डायरेक्टएक्सचा अहवाल, सगळं जोडलं. 'गेम हँग होतो' एवढंच लिहिलं असतं तर कोणी ढुंकून बघितलं नसतं.

---

फर्मागुडी_हॉस्टेल | १६ ऑगस्ट, रात्री ९:५५

आठवडा झाला, लॅपटॉप एकदाही फ्रीझ झाला नाही. आता खात्रीने सांगतो: दोष प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरचाच होता.

---

वाळवंटीकाठ | १२ सप्टेंबर, रात्री १०:४०

चवथ छान पार पडली. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला भाऊ होता, रात्री घुमट वाजवून आरत्या झाल्या, आणि पाहुणे गेल्यावर पहाटे दोनपर्यंत आम्ही खेळलो. परवा तो बोटीवर रुजू झाला.

पीसीचं असं: मे महिन्यातल्या ड्रायव्हरवर महिनाभर एकही फ्रीझ नाही. दरम्यान कार्डाच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर आला. त्याच्या दुरुस्त्यांच्या यादीत याच गेमचं नाव आहे, अधूनमधून बंद पडण्याची तक्रार सोडवली म्हणून. भाऊ घरी असेपर्यंत मी त्याला हात लावला नाही. तो गेल्यावर डीडीयू करून टाकला आणि दोन रात्री एकट्यानेच नकाशाभर फिरलो, त्या नदीवरूनही सात-आठ वेळा घोडा नेला. अजून काही नाही. दोन आठवड्यांनी परत लिहीन.

एक विचारायचं होतं. आज घरी नवा प्रिंटर आणला तर त्याचा ड्रायव्हर आपोआप येत नाही. ते ग्रुप पॉलिसीतलं दार लावलंय त्यामुळेच ना?

---

अबोली | १३ सप्टेंबर, सकाळी ९:०५

हो, त्यामुळेच. ते दार सगळ्या ड्रायव्हरांना बंद असतं, फक्त ग्राफिक्सला नाही. ते उघडू नका. प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवरून त्याचा ड्रायव्हर हाताने उतरवून बसवा, आणि तारीख वहीत लिहा.